मनातलं एकत्र कुटुंब

एक मन म्हणतं जावं, दुसरं म्हणतं नको. आपण सगळ्याच असं सहज बोलून जातो, नाही का? मनात अशी एकापेक्षा जास्त माणसं खरंच नांदत असतील, तर त्यांच्यात समेट घडवता येईल का? एका अमेरिकन बाईनं हा प्रश्न फार मनावर घेतला. तिचं नाव व्हर्जिनिया सटीर. कुटुंबाला एकत्र बसवून उपचार करण्याच्या पद्धतीचा, म्हणजे फॅमिली थेरपीचा, पाया घालणाऱ्यांत तिचं नाव आजही आदरानं घेतलं जातं.

व्हर्जिनियाचा जन्म २६ जून १९१६ चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या नील्सव्हिलचा. शेतकऱ्याचं घर, पाच भावंडं आणि ही थोरली. पाच वर्षांची असताना तिचं पोट दुखू लागलं. अपेंडिक्सचं दुखणं होतं. पण आई ख्रिश्चन सायन्स पंथाची. औषधापेक्षा प्रार्थनेवर भरवसा ठेवणारा हा पंथ. आई डॉक्टरकडे न्यायला तयारच होईना. शेवटी वडिलांनी आईचं न ऐकता तिला हॉस्पिटलात नेलं, तोवर अपेंडिक्स फुटलं होतं. जीव वाचला, पण पोरीला काही महिने तिथंच काढावे लागले. याच वयात तिनं ठरवून टाकलं होतं, की मोठेपणी मुलांच्या बाजूनं आईवडिलांचा शोध घेणारा गुप्तहेर व्हायचं!

आता गंमत बघा. हीच हट्टी आई १९२९ मध्ये सगळं कुटुंब शेतावरून हलवून मिल्वॉकी शहरात घेऊन गेली. कशासाठी? तर लेकीला हायस्कूलमध्ये शिकता यावं म्हणून. ज्या हट्टानं लेकीचा जीव धोक्यात घातला, त्याच हट्टानं तिचं आयुष्य उभं केलं. मग या हट्टाला वाईट म्हणायचं की चांगलं?

१९३६ मध्ये पदवी घेऊन व्हर्जिनिया शिक्षिका झाली. शाळा सुटली की मुलांच्या घरी जायची, घरची माणसं समजून घ्यायची. पुढे शिकागोला समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि १९५१ मध्ये समुपदेशन सुरू केलं. एका तरुणीवर तिचे उपचार चालू होते. मुलगी सुधारत होती, तर आईनंच कोर्टात खेचायची धमकी दिली. दुसरी कुणी असती तर घाबरली असती, नाहीतर भांडली असती. व्हर्जिनियाला त्या रागात एक विनवणी ऐकू आली. तिनं आईलाच बोलावून घेतलं. मग वडील आले, भाऊ आला. घरातल्या एकाच माणसाला आजारी ठरवून भागत नाही, हे तिला उमगत गेलं. १९५९ पासून कॅलिफोर्नियात पालो आल्टोच्या मेंटल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती हेच इतरांना शिकवू लागली. १९६४ मध्ये ‘कॉन्जॉइंट फॅमिली थेरपी’ हे तिचं पुस्तक आलं.

घरातल्या माणसांना जे लागू, तेच मनातल्यांनाही. यातूनच तिची ‘पार्ट्स पार्टी’ जन्माला आली. आपल्याला आवडणारी आणि अजिबात न आवडणारी काही प्रसिद्ध माणसं निवडायची. ती आपल्या स्वभावाची रूपं. गटातले लोक त्या भूमिका घेणार आणि पार्टीत एकमेकांना भेटणार. आधी जुंपते, कुणी कुणाला दाबतं, कुणी कोपऱ्यात जातं. हळूहळू ती एकमेकांना मदत करायला शिकतात आणि शेवटी यजमान एकेकाला आपलं म्हणून स्वीकारतो. कुणालाही घराबाहेर काढायचं नाही. सतत पडतं घेणं किंवा दुसऱ्यावर दोष टाकणं हेसुद्धा तिच्या मते कधीतरी टिकून राहण्यासाठीच शिकलेलं असतं.

तिचं स्वतःचं आयुष्य काही सरळ रेषेत गेलं नाही. दोन लग्नं मोडली. दोन मुली दत्तक घेतल्या. कामासाठी देशोदेशी फिरली. १९८८ मध्ये सोव्हिएत संघात जाऊन शिकवलं आणि त्याच वर्षी १० सप्टेंबरला स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं ती गेली.

१९८० च्या दशकात फॅमिली थेरपीतल्याच रिचर्ड श्वार्ट्झ यांनी ‘इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स’ ही उपचारपद्धत मांडली. तिच्यात आघातानं दुखावलेल्या आतल्या लहान मुलापर्यंत पोचण्याआधी, त्याला जपणाऱ्या रागीट किंवा भित्र्या भागाची परवानगी घेतात. या पद्धतीवरचं संशोधन अजून थोडंच आहे. शिवाय जखम खोल असेल तर हे काम जाणकार तज्ज्ञाच्या सोबतीनंच करायचं, घरच्या घरी नव्हे.

पण आपल्यातला जो स्वभाव आपल्याला सगळ्यात नकोसा वाटतो, तो कधीकाळी आपल्या कोणत्या कामी आला होता, एवढं तरी आठवून बघायला काय हरकत आहे, मैत्रिणींनो?