ताराबाई मोडक
ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२ – ३१ ऑगस्ट १९७३) या महाराष्ट्रातील बालशिक्षणतज्ज्ञ होत्या. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी माँटेसरी पद्धतीवर आधारित बालशिक्षणाचे कार्य केले. मात्र त्या पद्धतीची महागडी साधने खेड्यातील गरिबाच्या मुलापर्यंत पोहोचणे अशक्यच होते. म्हणून १९४५ साली बोर्डी येथे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने बालवाडी सुरू करताना त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने यांनाच शैक्षणिक साधने मानले. मोजणे, लहान-मोठे ओळखणे, सारखे-वेगळे निवडणे हे बालके खेळताखेळता शिकू लागली. जी येत नसत, त्यांच्यासाठी वर्ग वस्तीतल्या अंगणातच भरू लागला, तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळाही निघाली.