मायकेल फॅरडे : एक शोध, एक आरोप आणि एक सज्जन

आपल्या घरातील पंखा, विहिरीचे पाणी वर चढविणारा पंप आणि कोपऱ्यावरची पिठाची चक्की या सर्वांच्या पोटात विजेच्या बळावर फिरणारे एक यंत्र असते. या यंत्राचा मूळपुरुष म्हणजे लंडनमधील एका तळघरात पाऱ्याने भरलेल्या भांड्यात गरगर फिरलेली एक साधी तार. ज्याने ती प्रथम फिरविली त्या मायकेल फॅरडे यांचे नाव शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. परंतु त्या तारेने त्यांना कीर्तीच्या आधी बदनामी दिली, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ती आपल्या मुलाबाळांनी ऐकावी म्हणून हा अल्प चरित्रलेख वाचकांपुढे ठेवीत आहे.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडननजीकच्या न्यूइंग्टन येथे झाला. वडील जेम्स हे लोहार, आणि तेही नेहमीचे आजारी. घरात दारिद्र्य इतके, की मुलाचे शिक्षण जेमतेम लिहिण्यावाचण्यापलीकडे आणि थोड्याशा अंकगणितापलीकडे जाऊ शकले नाही. वयाच्या चौदाव्या वर्षी, १८०५ साली, तो रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पुस्तकबांधणीचा धंदा शिकण्यासाठी सात वर्षांच्या कराराने राहिला. इतर मुले पुस्तकांना पुठ्ठे लावीत. मायकेल पुठ्ठे लावता लावता पुस्तके वाची. ज्ञानकोशातील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या विदुषीचे रसायनावरचे सुबोध पुस्तक यांनी त्याच्या मनाची पकड घेतली. वाचलेले खरे की खोटे हे स्वतःच्या हातांनी पडताळून पाहण्याची त्याची वृत्ती होती. म्हणून गाठीच्या चार पैशांत काचेच्या बाटलीचे एक घर्षणयंत्र त्याने तयार केले आणि त्यातून ठिणग्या पाडल्या.

टेटम नावाच्या गृहस्थाच्या घरी संध्याकाळी विज्ञानावर व्याख्याने होत. प्रवेशमूल्य दर वेळी एक शिलिंग. ते देण्याची मायकेलची ऐपत नव्हती. लोहारकाम करणाऱ्या थोरल्या भावाने, रॉबर्टने, आपल्या कष्टाच्या कमाईतून ते भरले. जगाला विद्युत्शक्तीचे दान देणाऱ्या या पुरुषाच्या शिक्षणाचा खर्च एका भावाच्या घणाने उचलला, हे विसरता कामा नये. याच व्याख्यानांत त्याला बेंजामिन ॲबट हा मित्र लाभला. १८१२ साली मायकेलने तांब्याची सात नाणी, तितक्याच जस्ताच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजविलेले कागद एकावर एक रचून एक विद्युत्घट बनविला व त्याच्या योगाने एका क्षाराचे विघटन करून दाखविले. हा आनंद त्याने एकट्याने भोगला नाही. लगोलग ॲबटला सविस्तर पत्र लिहून काय केले, कसे केले, हे सर्व कळविले. या पत्रव्यवहारामागे आपली भाषा व विचार सुधारावेत हाही त्याचा हेतू होता. केलेले काम दुसऱ्यास दाखवावे आणि चूक काढणाऱ्यास उपकारकर्ता मानावे, ही सवय अशी विशीतच जडली.

त्याच वर्षी एका कृपाळू ग्राहकाने दिलेल्या तिकिटांवर त्याने रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत सर हंफ्री डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे सुवाच्य अक्षरात उतरविली, स्वतः बांधली आणि डेव्ही यांच्याकडे पाठविली. मार्च १८१३ मध्ये आठवड्यास २५ शिलिंग वेतनावर त्याला तेथील प्रयोगशाळेत साहाय्यकाची जागा मिळाली. पुढे डेव्हींबरोबर युरोपच्या प्रवासात त्याला चाकराचीही कामे करावी लागली. पण त्याच प्रवासात त्याने युरोपचे थोर शास्त्रज्ञ जवळून पाहिले.

१८२० साली डेन्मार्कमधील अर्स्टेड यांना असे आढळले, की तारेतून वीज वाहू लागली म्हणजे जवळची होकायंत्राची सुई हलते. सारे शास्त्रज्ञ या प्रश्नाच्या मागे लागले. एप्रिल १८२१ मध्ये डॉ. वोलस्टन हे वजनदार शास्त्रज्ञ रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आले आणि त्यांनी डेव्हींच्या समवेत एक प्रयोग करून पाहिला. लोहचुंबक जवळ आणला असता विजेची तार स्वतःच्याच आसाभोवती फिरेल, अशी त्यांची कल्पना होती. प्रयोग फसला. फॅरडे प्रयोगाच्या वेळी तेथे नव्हते. मागाहून आले आणि त्यासंबंधीचे बोलणे तेवढे त्यांच्या कानावर पडले.

त्या उन्हाळ्यात एका मित्र-संपादकाच्या आग्रहावरून फॅरडे या विषयाचा इतिहास लिहावयास बसले. इतरांचे प्रत्येक प्रयोग स्वतः करून पाहत असता ३ व ४ सप्टेंबर रोजी त्यांच्या हाती निराळेच सत्य लागले. त्यांनी एका भांड्यात लोहचुंबक उभा बसविला, भोवती पारा ओतला आणि वरून एक मोकळी तार अशी सोडली की तिचे टोक पाऱ्यात बुडावे. वीज सुरू होताच तार चुंबकाभोवती प्रदक्षिणा घालू लागली. दुसऱ्या भांड्यात तार स्थिर ठेवली, तेव्हा चुंबकच तिच्याभोवती फिरला. वीज आणि चुंबक यांच्या योगाने अखंड गती मिळण्याचा हा पहिला प्रसंग. नुकतेच लग्न झालेले एकोणतीस वर्षांचे फॅरडे आपल्या लहान मेहुण्यासह त्या यंत्राभोवती आनंदाने नाचले, असे सांगतात.

येथे त्यांच्या हातून एक उणीव राहिली. लेख छापण्यापूर्वी वोलस्टन यांच्या कार्याचा उल्लेख करण्याची अनुज्ञा घ्यावी, म्हणून ते त्यांच्या घरी गेले. पण वोलस्टन गावाला गेलेले. वाट पाहण्याचा धीर राहिला नाही. ऑक्टोबरमध्ये लेख प्रसिद्ध झाला, आणि त्यात वोलस्टन यांचे नाव नव्हते. लगेच कुजबूज सुरू झाली. लोहाराच्या पोराने, कालच्या पुस्तकबांधणाऱ्याने, मोठ्या माणसाची कल्पना चोरली, असे विद्वानांच्या बैठकींत बोलले जाऊ लागले. ज्याच्यापाशी कुळ नाही, धन नाही, विद्यापीठाची पदवी नाही, त्याच्यापाशी प्रामाणिकपणाची कीर्ती एवढेच धन असते. आणि घाला नेमका त्यावरच पडला होता.

अशा वेळी सामान्य मनुष्य एक तर रागाने तुटून पडतो, नाही तर मान खाली घालून काम सोडतो. फॅरडे यांनी दोन्ही केले नाही. ज्यांचा अपराध केल्याचा आरोप होता त्या वोलस्टन यांनाच त्यांनी नम्र परंतु निर्भीड पत्र लिहिले; माझ्याकडून अन्याय झाला असेल तर मला समक्ष भेटून खुलासा करू द्यावा, अशी विनंती केली. वोलस्टन मनाचे मोठे होते. त्यांनी शांतपणे उत्तर दिले व भेटीस बोलाविले. आपल्या कल्पनेतील तार स्वतःभोवती फिरावयाची होती आणि फॅरडे यांची तार चुंबकाभोवती फिरते, हा भेद त्यांच्यासारख्यास ध्यानी येण्यास वेळ लागला नाही. दुसरे असे, की फॅरडे यांनी आपले यंत्र लपवून ठेवले नाही. खिशात मावतील अशा त्याच्या लहान प्रतिकृती करून त्यांनी परदेशच्या शास्त्रज्ञांकडे पाठविल्या, म्हणजे ज्यास शंका असेल त्याने तार जोडावी आणि डोळ्यांनी पाहावे. तिसरे, काम थांबविले नाही. त्याच वर्षीच्या नाताळच्या दिवशी केवळ पृथ्वीच्या चुंबकत्वावर तार फिरवून दाखविली.

तरीही किटाळ पुरते गेले नाही. १८२३ साली रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठी त्यांचे नाव सुचविले गेले, तेव्हा जुना आरोप पुन्हा उकरला गेला. दुःखाची गोष्ट ही, की विरोधकांच्या अग्रभागी सोसायटीचे अध्यक्ष डेव्ही, म्हणजे फॅरडे यांचे गुरूच होते. त्यांनी सूचनापत्र मागे घेण्यास सांगितले असता, ते मी लावलेले नाही, सबब मला काढताही येणार नाही, अशा आशयाचे उत्तर फॅरडे यांनी दिले. मात्र वाद घालीत न बसता त्यांनी सर्व घटनांचा तारीखवार वृत्तांत छापून प्रसिद्ध केला. पूर्वी राहून गेलेला वोलस्टन यांचा उल्लेख त्यात आला. तो वाचून एका प्रमुख आक्षेपकाने आपले समाधान झाल्याचे कळविले. खुद्द वोलस्टन यांची सही तर सूचनापत्रावर अग्रभागीच होती. ८ जानेवारी १८२४ रोजी मतदान झाले. विरुद्ध पडले केवळ एक मत.

या प्रसंगाने फॅरडे यांना कडवटपणा आला नाही. सावधपणा मात्र आला. पुढे २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी चुंबकापासून वीज निर्माण करण्याचा युगप्रवर्तक शोध लावला. त्याची वार्ता त्यांनी उत्साहाने पॅरिसला कळविताच दोन इटालियन शास्त्रज्ञांनी तेच प्रयोग करून लेख छापला. आणि मासिकाच्या अंकावर आधीची तारीख असल्यामुळे तेच पहिले असे काहींना वाटले. तेव्हाही फॅरडे यांनी टिपांसह त्या लेखाचे भाषांतर प्रसिद्ध करून सत्य पुढे ठेवले. व्याख्यानाच्या वेळी तर त्यांनी मॅग्रथ नावाच्या मित्रास आपले दोष टिपून घेण्यासाठीच सभागृहात बसविले होते, आणि सावकाश बोलण्याची आठवण देणारे कार्ड ते समोर ठेवीत. १८२७ सालापासून नाताळात मुलांसाठी त्यांनी दिलेली व्याख्याने प्रसिद्धच आहेत. शोधांवर त्यांनी एकाधिकार घेतला नाही, सरदारकी नाकारली, ज्या सोसायटीने एकदा दाराशी अडविले होते तिचे अध्यक्षपदही नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे त्यांनी देह ठेवला.

आज आपल्या घरांतून एखादा मुलगा वा मुलगी तारा, दिवे आणि घट जुळवून टेबलावर काही खटाटोप करीत असते. त्यांच्या मंडलातील संधारित्राची क्षमता ज्या फॅरड या एककाने मोजतात, ते याच पुरुषाच्या नावावरून पडले आहे. त्यांनी केलेले चार लोकांपुढे मांडावे. कोणी उणे काढले तर प्रथम ते खरे आहे काय हे पाहावे. खरे असल्यास मान्य करावे, खोटे असल्यास पुरावा पुढे ठेवावा. आणि ज्याच्यापासून काही घेतले त्याचे नाव घेण्यास चुकू नये. आणि वडीलधाऱ्यांनी रॉबर्टचा तो एक शिलिंग आठवावा.