स्वयंपाकघरात तयार झालेला फुगा

डहाणू-तलासरीकडे कुणाच्या छातीत दुखलं आणि अँजिओप्लास्टी सांगितली, की घरचे वापी, वलसाड नाहीतर मुंबई गाठतात. पण संमतीच्या कागदावर सही करायची वेळ आली की हात थरथरतो. त्यातले धोके वाचून वाटतं, हे आपल्याला घाबरवायला लिहिलंय की काय! पण हा फुगा शोधणाऱ्या डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी स्वतःच हे धोके जगासमोर मांडले होते.

जन्म १९३९ चा, जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा. महायुद्धात वडील गेले, आईनं दोन मुलगे वाढवले. आंद्रेआस डॉक्टर होऊन १९६९ मध्ये स्वित्झर्लंडला, झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयात आले. अमेरिकेतले डॉ. डॉटर पायाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या नळी घालून रुंद करत. त्या नळीला फुगा लावला तर? रबराचा फुगा भलतीकडेच फुगायचा, म्हणून प्लॅस्टिकचा करायचं ठरलं. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ते, पत्नी मिखाएला, सहायक मारिया श्लुम्फ आणि तिचा नवरा असे चौघं नळ्या जोडत बसायचे. (या दोघींची नावं फारशी कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.)

१६ सप्टेंबर १९७७ ला ३८ वर्षांच्या एका रुग्णाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत पहिला फुगा फुगवला. रुग्ण जागा होता आणि घात झालाच तर छाती उघडायला सर्जन तयार होते. ती वेळ आली नाही.

पुढे मात्र आली. १९७९ मध्ये त्यांनी पहिल्या ५० रुग्णांचा हिशेब छापला. ३२ जणांत फुगा यशस्वी झाला, ५ जणांची तातडीनं बायपास करावी लागली, त्यातल्या तिघांत हार्ट अटॅकच्या खुणा दिसल्या. फुग्यानं वाहिनी चिरते, अचानक बंद होते, काही महिन्यांत पुन्हा अरुंद होते, हे त्यांनी लपवलं नाही. मला त्यांचा मोठेपणा इथेच दिसतो.

आता स्टेंट बसवतात, पुष्कळदा मनगटातून जातात. तातडीची बायपास क्वचितच लागते. तरी रक्तस्राव, अटॅक, पक्षाघात, डायमुळे किडनीला त्रास हे धोके आहेतच. म्हणून मधुमेह, किडनीचं दुखणं, अॅलर्जी आधीच सांगा, आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. त्यानं स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

१९८० मध्ये ग्रुंट्झिग अमेरिकेत अटलांटाला गेले. २७ ऑक्टोबर १९८५ ला वादळी हवेत स्वतःचं छोटं विमान चालवताना, दुसऱ्या पत्नीसह ते गेले. वय अवघं ४६. दोन वर्षांनी त्या पहिल्या रुग्णाची अटलांटातच पुन्हा तपासणी झाली. दहा वर्षांपूर्वी फुगवलेली वाहिनी उघडीच होती.