वैश्विक किरणांचे शोधक : व्हिक्टर हेस

किरणोत्सर्ग म्हणताच आपल्या मनात अणुबॉम्बचे भय जागे होते. वस्तुतः तो पृथ्वीवर मानवाच्याही आधीपासून आहे.

व्हिक्टर हेस यांचा जन्म १८८३ साली ऑस्ट्रियात एका वनाधिकाऱ्याच्या घरी झाला. हवेतील किरणोत्सर्ग जमिनीतील खनिजांतूनच येतो, अशी तेव्हा समजूत होती. तसे असल्यास उंचावर तो घटला पाहिजे. हे पडताळण्यासाठी हेस उपकरणांसह वारंवार बलूनमधून आकाशात गेले. ७ ऑगस्ट १९१२ रोजी पाच हजार मीटरांहून अधिक उंचीवर तो बराच वाढलेला आढळला. सूर्यग्रहणातही तो घटला नव्हता. म्हणजे त्याचा मुख्य उगम सूर्य नव्हता. या शोधासाठी त्यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक लाभले. पुढे होमी भाभांनीही याच वैश्विक किरणांचा अभ्यास केला.

रेडियममुळे झालेल्या इजेपायी हेस यांना हाताचा अंगठा गमवावा लागला होता. नाझी राजवटीत पद गेल्यावर ते १९३८ मध्ये अमेरिकेत गेले. तेथेच १९६४ मध्ये निवर्तले.

माती, आकाश आणि आपल्या शरीरातील पोटॅशियम यांतून अल्प किरणोत्सर्ग नित्य होतच असतो. घातक ठरते ती मात्रा. पाल्यांना भयाआधी मोजमाप शिकवावे, हाच या चरित्राचा बोध.