परमुलखातल्या मजुरांचे वाली : कोतळूकचे गोखले

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी गुहागर तालुक्यातल्या कोतळूक गावी झाला. गांधीजींचे गुरू म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत. मजुरांसाठी त्यांनी काय केलं, ते मात्र फारसं सांगितलं जात नाही.

त्या काळी पाच वर्षांच्या करारावर आपली माणसं बोटीनं दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळला नेत. उसाच्या मळ्यात राबायचं, काम सोडलं तर तुरुंग. करार संपल्यावर मोकळं होऊन तिथंच राहायचं म्हटलं, तर वर्षाला ३ पौंड कर. पगार सुरुवातीला महिन्याला अर्धा पौंड! म्हणजे सहा महिन्यांची कमाई करातच जायची.

१९१० मध्ये गोखल्यांनी कायदेमंडळात ठराव मांडला आणि नाताळची मजूरभरती पुढच्या वर्षी बंद झाली. १९१२ मध्ये ही करारपद्धतच मोडा, असा ठराव त्यांनी आणला. तो सरकारनं पाडला. मधुमेहानं तब्येत खचली होती, तरी त्याच वर्षी ते आफ्रिकेत जाऊन आले. १९१३ मध्ये तिथल्या मजुरांनी संप केला, तेव्हा त्यांनी देशभरातून पैसा उभा केला. १९१४ मध्ये कर रद्द झाला.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, ४८ व्या वर्षी ते गेले. १९१७ मध्ये करारावरची भरती थांबली. ते बघायला गोखले नव्हते.