दिव्याच्या पलीकडची फ्लॉरेन्स

हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांची विचारपूस करणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक असते. तिचं मोठं काम मात्र त्या दिव्यानंतरचं.

१२ मे १८२० रोजी सधन इंग्रज घरात ती जन्मली. घरच्यांचा विरोध पत्करून परिचारिका झाली. क्रिमियन युद्धात, १८५४ साली, ३८ जणींना घेऊन ती तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचली. रात्रंदिवस सेवा करूनही माणसं मरतच होती. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचं प्रमाण शेकडा ४२ होतं. मार्चमध्ये स्वच्छता पथक आलं, त्यानं तुंबलेली गटारं साफ केली, हवा खेळती केली. जूनपर्यंत हेच प्रमाण शेकडा २ वर आलं! मायदेशी परतल्यावर आकडे मांडताना तिला खरं कारण उमगलं. नुसती शुश्रूषा पुरत नाही, माणूस राहतो तिथली हवा, पाणीही बघावं लागतं. ही टोचणी तिला स्वस्थ बसू देईना.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिनं परिचारिकांची शाळा काढली. सत्तरी ओलांडल्यावर, १८९२ च्या सुमारास, बकिंगहॅमशायरमध्ये आरोग्य-शिक्षिका तयार करण्याच्या कामात लक्ष घातलं. या बायकांनी आधी डॉक्टरांकडे शिकायचं, मग खेड्यातल्या घराघरांत जाऊन आयांशी बोलायचं.

भारतात ती कधीच आली नाही. तरी इथले दुष्काळ, कालवे, गावांची स्वच्छता यांवर तिनं वर्षानुवर्षं लिहिलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. १८९६ मध्ये तर भारतातल्या खेड्यांसाठीही असेच आरोग्य-शिक्षक हवेत, असा लेखच तिनं लिहिला. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी ती गेली.

हवामानबदल हा शब्द तेव्हा नव्हता. पण २०१० च्या मे महिन्यात अहमदाबाद उन्हानं होरपळलं, शेकडो जीव गेले. त्यानंतर २०१३ मध्ये तिथं उष्णतेशी लढण्याचा आराखडा झाला. त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांना उष्माघात वेळीच ओळखायला शिकवण्यावर भर होता. वाट फ्लॉरेन्सचीच की!

तेव्हा मैत्रिणींनो, भर उन्हात आशाताई दाराशी आली, तर आधी तिला पाणी द्या. मग पत्र्याच्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या आजींबद्दल ती काय विचारते, ते नीट ऐका. तिचं शिक्षण पक्कं असेल, तर एखादा जीव दवाखान्याची पायरी चढण्याआधीच वाचतो.