होकायंत्राची सुई आणि ख्रिस्तपुराण



फादर थॉमस स्टीफन्स हे नाव आपण ख्रिस्तपुराणामुळे ओळखतो. त्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये झाला. राणी एलिझाबेथच्या राजवटीत तेथे कॅथलिक श्रद्धा उघडपणे पाळणे कठीण झाले होते. त्यांनी मायदेश सोडला आणि १५७५ मध्ये रोम येथे ते येशूसंघात दाखल झाले.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून जहाजाने निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात पोहोचले. वाटेत दीडशेहून अधिक प्रवासी आजारी पडले, त्यातले २७ दगावले. गोव्यात उतरल्यावर त्यांनी वडिलांना एक मोठे पत्र लिहिले. त्यात या हालांबरोबर दर्यावर्दी वाट कशी शोधतात, याचे बारीक वर्णन आहे. आपण किती उत्तरेला वा दक्षिणेला आहोत, हे आकाशावरून कळे. पण पूर्व-पश्चिम अंतराचा अंदाजच बांधावा लागे. त्यासाठी पक्षी, पाण्यावर तरंगणाऱ्या झावळ्या, समुद्रातले साप अशा खुणा पाहत. सर्वांत मोलाची खूण होती होकायंत्राची सुई. ही सुई सगळीकडे खऱ्या उत्तरेकडे वळत नाही. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आणि भौगोलिक ध्रुव एका जागी नसल्याने ती कुठे पूर्वेला, कुठे पश्चिमेला कलते. अझोर्स बेटांपाशी ती सरळ असे, पुढे पूर्वेकडे झुके, आफ्रिकेच्या टोकाशी पुन्हा सरळ होई आणि नंतर पश्चिमेकडे कले. शहाणा नावाडी सुई फेकून देत नसे. तो त्या त्या ठिकाणचा फरक मोजून घेई.

फादर स्टीफन्स पुढे सुमारे चाळीस वर्षे गोव्यातच राहिले. त्यांचे बरेचसे कार्य साष्टीत झाले. पोर्तुगीज सत्तेने तेथील देवळे पाडली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी घातली होती. हा इतिहास आपण झाकू नये. नव्या ख्रिस्ती लोकांना ऐकण्या-वाचण्यासाठी पुराण उरले नव्हते. फादरांनी येथल्या भाषा शिकून घेतल्या आणि तारणाची कथा मराठीत, ओवीबद्ध रचली. तिच्या सुमारे ११,००० ओव्या आहेत.

हे ग्रंथ येथल्याच लिपीत छापावेत, अशी त्यांची इच्छा होती. १६०८ मध्ये त्यांनी रोमला त्याविषयी लिहिले. रोमन लिपीला चोवीस अक्षरे पुरत. आपल्या जोडाक्षरांसाठी आणि काना-मात्रांसाठी सहाशे साचे लागत. ते दोनशेवर आणता येतील, असा तोडगाही त्यांनी सुचवला. परंतु तसे खिळे झाले नाहीत. १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. १६१९ मध्ये फादरांचे निधन झाले. त्यांचे कोंकणी व्याकरण १६४० मध्ये निघाले. ख्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती मात्र पुण्यात १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी काढली. मधे तीनशे चाळीस वर्षे गेली.

शुभवर्तमान एकच असले तरी ते सांगणाऱ्याला आपण कोणत्या ठिकाणी उभे आहोत, हे मोजून घ्यावे लागते. फादर स्टीफन्स यांनी ते मोजले आणि परक्या भाषेपुढे विद्यार्थी होऊन बसले. आपल्याला तर मराठी आईच्या मांडीवर मिळाली आहे. घरातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेत मुलांनाही एखादा उतारा मोठ्याने वाचू द्या. ज्या अक्षरांसाठी एका धर्मगुरूने साच्यांचा हिशेब मांडला, ती आज आपल्या हाती आहेत.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.